लांबी, रुंदी आणि लबाडी

चौथीच्या पुढे शाळेत गेलेल्या कोणत्याही मराठी माणसाला रात्री बारा वाजता हलवून उठवावे आणि विचारावे, "आयताचे क्षेत्रफळ किती?" डोळेही न उघडता तो सांगेल, "लांबी गुणिले रुंदी," आणि कुशीवर वळेल. त्याच्या उत्तरात काही खोट नाही. परीक्षेत त्याला गुण मिळाले असते, आणि शाळेत असताना ते मिळालेही असतील. माझे भांडण त्या उत्तराशी नाही. कुशीवर वळण्याशी आहे. जे उत्तर झोपेत देता येते ते जागेपणी फारसे उपयोगी पडत नाही, असा अनुभव आहे. आणि या एका उत्तराच्या बाबतीत आपली झोप आपल्याला फार महाग पडत आली आहे.

दिवाळीच्या अंकात हा कसला विषय काढला, असे वाचकांना वाटेल. फराळाचे ताट पुढे असावे, एखादी कथा, एखादे प्रवासवर्णन वाचावे, तर हा गृहस्थ पाचवीचे गणित घेऊन बसला! परंतु मी असे विचारतो की, घर घेणे, शेताची वाटणी करणे, फरशी बसवणे, भिंतीला रंग देणे, यांतले एक तरी काम असे आहे काय की ज्यात आयत नाही? मनुष्य आयतात जन्मतो, आयतात निजतो आणि आयुष्यभराची मिळकत एका आयतासाठी गहाण टाकतो. पण तो आयत मोजण्याची वेळ आली म्हणजे मात्र दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. हा विषय दिवाळीचा नसेल तर मग कोणत्या दिवसाचा?

आपल्याला सूत्र येते आणि क्षेत्रफळ येत नाही, असा माझा आरोप आहे. तो सिद्ध करण्यासाठी स्वयंपाकघरातच जाऊ. नारळाच्या वड्यांचे मिश्रण चौकोनी ट्रेमध्ये थापून झाले की घरातली बाई सुरी घेते, उभ्या रेघा मारते, आडव्या रेघा मारते, आणि एका ओळीत ६ व अशा ४ ओळी पाहून म्हणते, "चोवीस झाल्या." तिने एकेक वडी मोजलेली नसते. ओळीतल्या वड्या आणि ओळींची संख्या, एवढेच तिने पाहिलेले असते. हेच क्षेत्रफळ. गुणाकार कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या ट्रेमध्ये आहे. क्षेत्रफळ म्हणजे एका ठरावीक मापाच्या किती वड्या त्या जागेत मावतात याची मोजदाद. आणि वड्या ओळीने लागत असल्यामुळे मोजण्याऐवजी गुणले तरी चालते, म्हणून ते सूत्र.

आता ट्रे अडीच वीत रुंद आणि साडेतीन वीत लांब असला तर? एक वीत लांब, एक वीत रुंद अशा चौकोनांनी तो भरून पाहा. पुरे चौकोन ६ बसतात. एका कडेला ३ अर्धे राहतात, त्यांचे दीड. दुसऱ्या कडेला २ अर्धे, त्यांचा एक. आणि कोपऱ्यात पाव. सहा, दीड, एक आणि पाव मिळून पावणेनऊ. जुन्या पिढीने औटकी पाठ केली होती. अडीच औट पावणेनऊ हे तिला तोंडी येत असे. आम्ही औटकी सोडली, कारण ती घोकंपट्टी होती असे आम्हांला सांगण्यात आले. मग तिच्या जागी आम्ही काय आणले? दुसरी घोकंपट्टी! त्या जुनीत निदान हिशोब तरी होता. कोपऱ्यातला तो पावभाग कोठून आला, हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिले त्याला अपूर्णांकाच्या गुणाकाराचे भय राहत नाही. हे त्याला कोणी दाखवत नाही. फळ्यावर आयत निघतो, त्याच्या दोन बाजूंवर दोन आकडे पडतात, त्यांचा गुणाकार होतो आणि शेवटी 'चौरस सेंटीमीटर' हे शब्द आडनावासारखे मागे चिकटवले जातात. ते विसरले तर अर्धा गुण जातो. पण ते का लिहायचे, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. आकृतीत एकही चौरस नसतो. ज्या चौरसांची मोजणी चालली आहे तेच अदृश्य, आणि मुलांनी मात्र ते ओळखावेत अशी अपेक्षा!

याचा परिणाम मुलाच्या गुणपत्रिकेत दिसत नाही. तो तीस वर्षांनी दिसतो. चार ठिकाणे दाखवतो.

पहिले ठिकाण कुंपणाचे. जागेभोवती फिरून जेवढे अंतर होते तेवढी जागा मोठी, ही समजूत जगाइतकी जुनी आहे. पॉलिबियस नावाचा ग्रीक इतिहासकार ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात होऊन गेला. मेगालोपोलिस नगराचा परिघ ५० स्टेडिया आणि स्पार्टाचा ४८, तरीही स्पार्टा दुपटीने मोठे, असे सांगितले की लोकांना ते खरे वाटत नाही, अशी त्याने तक्रार केली आहे. त्याचे कारणही त्याने दिले आहे : लहानपणी शिकलेली भूमिती लोक विसरतात. पुढे पाचव्या शतकात प्रोक्लस या पंडिताने तर असे नमूद केले आहे की, जमीन वाटून घेताना काही हुशार माणसे अधिक परिघाची पण कमी क्षेत्राची जमीन आपल्या सोबत्यांना देत, आणि वर उदारपणाचे श्रेय मिळवीत.

तो उदारपणा आजही जिवंत आहे. ४०० फूट तार घ्या. तिने १०० फूट लांब आणि १०० फूट रुंद जागा वेढली तर आत १०,००० चौरस फूट येतात. त्याच तारेने १५० बाय ५० ची जागा वेढली तर ७,५०० येतात. १८० बाय २० ची केली तर फक्त ३,६००! तार तीच, खांब तेवढेच, फिरून येण्याचे श्रम तेवढेच. गुंठ्यांत सांगायचे तर पहिली जागा सव्वानऊ गुंठ्यांच्या किंचित आत आणि शेवटची सव्वातीन गुंठ्यांच्या किंचित पुढे. आता वाटणीच्या दिवशी थोरला भाऊ बांधावर उभा राहून बहिणीला म्हणतो, "ताई, तुला ही रस्त्यापर्यंतची लांबच्या लांब पट्टी दिली. माझ्यापेक्षा तुझाच बांध मोठा!" ताई बिचारी बांध पाहते, डोळ्यांना पदर लावते आणि सही करते. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. केंद्राने तो २००५ साली दिला. आणि २००५ साली वडील हयात नसले तरी तो हक्क जन्मानेच आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. कायद्याने एवढे केले. परंतु अर्धा वाटा म्हणजे किती, हे मोजायला कायदा बांधावर येत नाही. तेथे लांबी आणि रुंदी दोन्ही विचारणारी बहीण लागते. भाऊबिजेच्या ओवाळणीत काय घालावे याचा विचार करणाऱ्या बंधूंनी याचाही थोडा विचार करावा.

दुसरे ठिकाण कोपऱ्याचे. लांबी गुणिले रुंदी हे सूत्र आयताचे आहे, म्हणजे ज्याचे चारही कोपरे काटकोनात आहेत अशा चौकोनाचे. ही अट आपण सूत्राच्या आधी पाठ करतो आणि सूत्र पाठ झाले की टाकून देतो. एका जागेच्या चारही बाजू १०० फूट आहेत. क्षेत्र किती? शंभरातले नव्वद लोक १०,००० म्हणतील, अशी माझी खात्री आहे. पण ती जागा एका अंगाला कलली असेल आणि समोरासमोरच्या दोन बाजूंमधले सरळ अंतर ८० फूटच असेल, तर क्षेत्र होते ८,००० चौरस फूट. चार बाजू जशाच्या तशा राहून जवळजवळ दोन गुंठे नाहीसे झाले! कोणी खाल्ले? कोपऱ्याने.

आमच्याकडे हे ज्ञान नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने चौकोनाच्या क्षेत्राचे दोन प्रकार सांगितले, एक स्थूल आणि एक सूक्ष्म. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून त्या सरासरींचा गुणाकार करणे हे स्थूल. तो केवळ अंदाज आहे, हे त्याने नावातच सांगून ठेवले. इजिप्तमध्ये एडफूच्या देवळावर, देवाला दिलेल्या शेतांची क्षेत्रे याच सरासरीच्या रीतीने काढून कोरलेली आहेत. या रीतीची गंमत अशी की, ती क्षेत्र कधीच कमी दाखवत नाही. चौकोन अगदी आयत असेल तर उत्तर बरोबर, आणि नसेल तर नेहमी जास्तच. विकणाऱ्याला आणि सारा घेणाऱ्याला याहून सोयीची रीत कोणती असणार? वाकड्यातिकड्या प्लॉटच्या चार बाजू मोजून, सरासरी काढून "एवढे गुंठे भरतात" असे सांगणारे गृहस्थ आजही गावोगाव भेटतात. ते एडफूच्या पुजाऱ्यांचे वंशज समजावेत. फरक एवढाच की, पुजाऱ्यांनी निदान दगडावर कोरून ठेवले. हे तोंडी सांगतात.

आणि भास्कराचार्य! चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याची नोंद आहे. म्हणजे हे नाव आपल्या मातीशी जोडलेले आहे. आपण त्यांच्या नावाने सभागृहे बांधतो, पुरस्कार देतो. पण ११५० च्या 'लीलावती'त त्यांनी काय बजावले आहे? चौकोनाच्या चार बाजू दिल्या म्हणजे चौकोन ठरत नाही. कर्ण किंवा लंब यांपैकी काहीतरी द्यावे लागते. ते न देता जो क्षेत्रफळ विचारतो त्याला आचार्यांनी पिशाच ठरवले आहे, आणि अशा प्रश्नाचे उत्तर जो देतो त्याला त्याहूनही वाईट! आमच्या गावच्या किती व्यवहारांत हा पिशाचांचा संवाद चालतो, याची मोजदाद कोणी करावी? नऊशे वर्षांपूर्वीचा इशारा पाठ्यपुस्तकात एका ओळीने तरी आला आहे काय? आला असता तर मुलांना गणिताची थोडी मजाही वाटली असती.

शाळेत न गेलेला गवंडी हे पाळतो, हे विशेष. तो पाया आखताना गुण्या लावतो. जागा मोठी असेल तर दोरीने एका बाजूला ३ हात, दुसऱ्या बाजूला ४ हात मोजून, तिरके अंतर ५ हात येते की नाही पाहतो. नंतर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरकी अंतरे ताडून घेतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे, तर आयत. नाही तर नाही. एक दोरी आणि दोन मिनिटे. पदवीधर मालक तोवर सावलीत उभा राहून, "अजून किती वेळ?" असे विचारत असतो.

तिसरे ठिकाण आकड्यांचे. आम्ही मापांची भाषा अर्धवट बदलली आणि दोन्ही भाषांत तोतरे झालो. १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला. तेव्हापासून कापड मीटरवर आले, दूध लिटरवर आले, परंतु घर अजून फुटावर आहे. ठीक आहे, फूट काही पाप नव्हे. पण १० फूट ६ इंच ही लांबी आम्ही '१०.६' अशी लिहितो आणि तशीच गणकयंत्रात घालतो. इंच बाराने मोडतात, दशांश दहाने. १० फूट ६ इंच म्हणजे १०.५ फूट. साडेदहा बाय साडेबाराची खोली १३१.२५ चौरस फूट, ती '१०.६ गुणिले १२.६' केली की होते १३३.५६. सव्वादोन चौरस फुटांहून अधिक जमीन केवळ एका टिंबाने निर्माण केली! विश्वामित्रालाही इतकी स्वस्त सृष्टी साधली नव्हती. उलट १० फूट १० इंच हे '१०.१०' असे लिहिले की यंत्र ते सव्वादहाच्याही आत समजते. वस्तुतः ते अकराला टेकलेले असते. म्हणजे कधी घेणारा फसतो, कधी देणारा. पण फसवणूक ज्याला समजते तो ती आपल्या बाजूची असेल तेव्हाच गप्प बसतो.

शेतीत तेच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते आणि बोलणी एकर-गुंठ्यात होतात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा, १,०८९ चौरस फूट. मुलकी मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६, म्हणून एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा. असे ४० गुंठे मिळून एकर. 'आर' म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. दोन्ही इतके जवळचे की बोलताना 'आर म्हणजे गुंठाच' असे सर्रास म्हणतात. पण ४० आर म्हणजे एकर नव्हे. एकराला ५०४ चौरस फूट कमी पडतात, जवळजवळ अर्धा गुंठा. अर्ध्या गुंठ्यात माणसे संसार करतात. तसेच मीटरमध्ये सव्वातीन फूट असतात म्हणून चौरस मीटरमध्येही सव्वातीन चौरस फूट, असे समजणारे सुशिक्षित लोक कमी नाहीत. ते असतात पावणेअकरा. लांबी एकदा वाढते. क्षेत्र लांबीनेही वाढते आणि रुंदीनेही वाढते. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला चौरसाचे क्षेत्र दुप्पट करायला सांगतो आणि तो मुलगा चटकन बाजू दुप्पट करतो. चौपट झालेला चौरस वाळूत दिसल्यावर त्याला आपली चूक कळते. त्या मुलाचे भाग्य असे की, त्याच्यासमोर कोणीतरी आकृती काढली. आमच्या मुलासमोर सूत्र काढले जाते.

चौथे ठिकाण सर्वांत मोठे, कारण तेथे मध्यमवर्ग राहतो. फ्लॅट! कित्येक वर्षे आपण घर विकत घेताना 'सुपर बिल्टअप' नावाचे एक अद्भुत क्षेत्र विकत घेतले. त्यात जिना होता, लिफ्ट होती, प्रवेशाची जागा होती, भिंतींची जाडी होती. चौरस फुटाचा दर या सगळ्यावर. गालिचा मात्र आतल्या उरलेल्या जागेतच पसरायचा. या खेळात गणित अवघड नव्हते. कोणती लांबी आणि कोणती रुंदी, हा एकच प्रश्न विचारायचा होता. तो प्रश्न विचारण्याची सवय शाळेने लावली नव्हती, कारण शाळेत लांबी आणि रुंदी आयतीच दिलेली असते. तिथे मुलाने फक्त गुणायचे असते. बाहेरच्या जगात गुणायला यंत्र आहे. काय गुणायचे ते ठरवायला माणूस लागतो. आपण नेमके यंत्राचे काम शिकवतो आणि माणसाचे वगळतो.

शेवटी संसदेलाच क्षेत्रफळाची शिकवणी घ्यावी लागली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्र म्हणजे काय याची व्याख्या केली : घरातली प्रत्यक्ष वापरण्याजोगी जमीन, त्यात बाहेरच्या भिंती नाहीत, सज्जा नाही, खासगी गच्ची नाही, नळ-वाहिन्यांचे बोळकांडे नाही, मात्र खोल्याखोल्यांमधल्या आतल्या भिंती धरायच्या. व्याख्या चांगली आहे. परंतु ती किती जणांनी वाचली? आतल्या भिंती धरायच्या हे माहीत नसेल तर खोल्यांची बेरीज करारातल्या आकड्याशी जुळणार नाही आणि माणूस उगाच भांडेल. ३० फूट लांब, ४ इंच जाडीची भिंत १० चौरस फूट घेते. उलट सज्जा चटई क्षेत्रात घातला असेल तर भांडले पाहिजे, आणि तेथे तो गप्प बसेल.

आणखी पाहा. महाराष्ट्रातल्या नमुना करारात बांधकाम पुरे झाल्यावर चटई क्षेत्रात ३ टक्क्यांपर्यंत फरक धरला आहे, आणि क्षेत्र घटले तर जादा घेतलेली रक्कम व्याजासह परत करण्याचे कलम आहे. ६०० चौरस फुटांच्या घराला ३ टक्के म्हणजे १८ चौरस फूट. साडेचार फूट बाय चार फुटांची एक न्हाणी! दर चौरस फुटाला १०,००० रुपये धरला तर १,८०,००० रुपये. हे पैसे परत मिळण्याची सोय कायद्यात आहे. अट एकच की, घटले आहे हे तुम्हांला कळले पाहिजे. गृहप्रवेशाला गुरुजी येतात, केटरर येतो, फोटो काढणारा येतो. फीत घेऊन कोण येतो? वास्तुशांतीला दिशा पाहणारे शंभर. कर्ण मोजणारा एक नाही. आग्नेयेला चूल आहे की नाही यावर ज्या घरात आठ दिवस खल चालतो, त्या घरात आग्नेयेची खोली किती फुटांची आहे हे कोणालाही सांगता येत नाही.

यावर माझे काही मित्र तीन आक्षेप घेतात. ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप शिक्षकांचा. अभ्यासक्रम मोठा, वर्ग भरलेला. चौरस मोजत बसलो तर पुस्तक कधी संपणार? हे दुखणे खरे आहे आणि त्याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणे अन्याय होईल. परंतु वर्गाची फरशी मोजायला पुस्तक लागत नाही. ती पायाखालीच असते. एका ओळीत किती फरश्या, ओळी किती, हे सर्व वर्गाने मिळून पाहायला एक तास पुरतो. तो तास वाचवल्यामुळे पुढची दहा वर्षे परिमिती आणि क्षेत्रफळ यांचा घोळ निस्तरण्यात जातात. वाचवलेला तास फार महाग पडतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. मोजणी हे तज्ज्ञाचे काम. त्यासाठी भूमापक आहेत, वास्तुविशारद आहेत. आपण कशाला त्यात पडावे? मान्य. मीही भूमापकाचे काम हिसकावून घ्यायला सांगत नाही. त्याच्या कामाची तर मला फार कदर आहे. मुलकी दप्तरात शेताचे टिपण असते, आणि त्यावरून केलेल्या क्षेत्राच्या आकडेमोडीच्या पुस्तकाचे नाव काय, तर 'गुणाकार बुक'! वाकडेतिकडे शेत त्रिकोणांत आणि पट्ट्यांत फोडून, शंकू-साखळीने लंब काढून त्या मोजणीदारांनी गावेच्या गावे मोजली. कोपऱ्याला फसायचे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण तज्ज्ञाने दिलेला नकाशा वाचता येणे हे तज्ज्ञाचे काम नव्हे, मालकाचे आहे. डॉक्टर असतो म्हणून ताप आलेला आपल्याला कळू नये, असे कोणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप तरुणांचा. खिशातला फोनच आता खोली मोजून देतो. हे सगळे कशाला? फोन अंतर मोजतो, गुणाकारही करतो. पण सज्जा धरायचा की नाही हे त्याला सांगावे लागते. बहिणीची पट्टी आणि भावाचा चौकोन यांत अन्याय आहे की नाही, हे त्याला विचारावे लागते; आणि जो प्रश्न मनात येतच नाही तो फोनला तरी कसा विचारणार? हत्यार जितके चांगले, तितका ते धरणारा हात जाणता हवा. एरवी लबाडीही त्याच वेगाने होते.

या विषयात अज्ञानाचा तोटा सर्वांना सारखा होत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे तो मोजणारा माणूस ठेवतो. ज्याच्याजवळ नाही त्याचेच अर्धे गुंठे जातात, त्याचीच न्हाणी जाते. गिलावा करणाऱ्या मजुराला ब्रासवर पैसे मिळतात. ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. दारे-खिडक्यांची वजावट किती धरली यावर त्याची आठवड्याची मजुरी ठरते. त्याच्या मुलाला शाळेत 'लांबी गुणिले रुंदी' शिकवतात आणि बापाच्या भिंतीतून खिडकी किती कापायची हे शिकवत नाहीत, तर ती शाळा त्या मुलाच्या काय कामाची? वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद असा बिघा मोजणारे आमचे पूर्वज पाटी-पुस्तकाशिवाय जगले, पण काठी हातात धरून जगले. आम्ही पुस्तक धरले आणि काठी सोडून दिली. ती ज्याच्या हाती गेली तो आता आमची जमीन मोजतो.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. पाचवीच्या परीक्षेतून क्षेत्रफळाचा निदान एक प्रश्न असा असावा की ज्यात आकडे दिलेलेच नाहीत. मुलाने आपले बाक फुटपट्टीने मोजावे, कर्ण तपासावा आणि मग उत्तर लिहावे. प्रत्येक मुलाचे उत्तर थोडे वेगळे येईल, आणि शिक्षकांना तपासायला त्रास होईल. होऊ द्यावा. आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना अशी विनंती की, या सुट्टीत फटाक्यांच्या खर्चातून एक मोजणीची फीत आणावी, दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती द्यावी आणि आपले घर करारातल्या आकड्याइतके भरते का ते त्यांना काढायला सांगावे. भिंती कोणत्या धरायच्या ते वर सांगितलेच आहे. मुलीच्या हाती ती आधी द्यावी. तिला ती अधिक उपयोगी पडणार आहे. आकडा जुळला तर उत्तमच, निर्धास्तपणे चकल्या खाव्यात. नाही जुळला तर मग रात्री बारा वाजता कोणी क्षेत्रफळ विचारले असता, माझी खात्री आहे, त्या घरातला एकही मनुष्य उत्तर देऊन कुशीवर वळणार नाही.